कुस्तीला कागद कुठला?

निपाणीच्या जुन्या पेठेतील आमच्या नेहमीच्या केशकर्तनालयात आरशाच्या वर तीन तसबिरी आहेत. पहिली छत्रपती शिवाजी महाराजांची, दुसरी राजर्षी शाहू महाराजांची आणि तिसरी एका पैलवानाची. डोक्यास फेटा, खांद्यावर गदा, नजर समोर. पहिल्या दोन तसबिरींना सणावारी हार पडतो. तिसरीची काच मालक स्वतःच्या हाताने पुसतात. गेल्या पावसाळ्यात आम्ही तेथे बसलो असता, कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने मोबाइलवरून मान वर करून विचारले, "हे तिसरे कोण?" मालकांनी हातातला वस्तरा न थांबवता उत्तर दिले, "आपल्या भागातले पैलवान." मुलाने मान हलवली आणि पुन्हा खाली घातली. नाव त्याने विचारले नाही, मालकांनी सांगितले नाही. आणि ज्यांना ते सांगावयास हवे होते ते आम्हीही गप्प बसलो. आमच्या गप्प बसण्याला एक जुने कारण आहे. ते या लेखाच्या ओघात येईलच.

ते नाव हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे. १९५९ साली दिल्लीच्या मैदानात पंजाबच्या बंता सिंग यांना हरवून त्यांनी हिंदकेसरीची गदा आणली. आमचा जन्मही त्याच सालचा. आमचे वडील तंबाखूच्या एका वखारीत दिवाणजी होते. हिशेबाच्या माणसाला कुस्तीचे वेड असू नये असे काही नाही. वडिलांना ते पुरेपूर होते. आमच्या जन्माची हकिकत सांगताना ते तिथी-वार सांगत नसत. "खंचनाळ्यांनी दिल्ली मारली त्या साली हा झाला," एवढेच सांगत, आणि ऐकणाऱ्याला ते पुरत असे. आम्ही खंचनाळे यांची कुस्ती डोळ्यांनी कधी पाहिली नाही. परंतु आमच्या वयाचे मोजमापच त्या कुस्तीपासून सुरू झाले.

खंचनाळे यांचा जन्म १९३४ साली एकसंब्याचा. चिकोडी तालुक्यातील, दूधगंगेच्या खोऱ्यातले हे गाव. त्या काळी चिकोडी तालुका मुंबई इलाख्याच्या बेळगाव जिल्ह्यात मोडत असे आणि पलीकडे छत्रपतींचे कोल्हापूर संस्थान होते. म्हणजे कागदावर हद्द तेव्हाही होती; एका बाजूला इंग्रजांचा अंमल, दुसऱ्या बाजूला संस्थानचा. पण तंबाखूची गाडी, लग्नाची सोयरीक आणि मैदानाला निघालेला पैलवान यांना ती हद्द कधी अडवीत नसे. आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या येथे रुजलेल्या घराण्यांना हे वेगळे सांगावयास नको. आपल्यापैकी कित्येकांच्या आज्या पलीकडून आल्या आणि आत्या पलीकडे गेल्या.

तसाच हा मुलगाही कुस्तीसाठी कोल्हापुरास गेला. कोल्हापूरच का, याचे उत्तर शाहू महाराजांपाशी जाते. १९०२ साली महाराज सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहण समारंभासाठी विलायतेस गेले. त्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडांगण त्यांच्या पाहण्यात आले, आणि तसे मैदान आपल्या मल्लांसाठी असावे हे त्यांच्या मनाने घेतले. त्यातून खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले. ते १९१२ साली पुरे झाले. मधोमध लाल मातीचा आखाडा, आणि भोवती चढत जाणारी बैठक, जेणेकरून शेवटच्या रांगेतील शेतकऱ्यालाही पैलवानाची पाठ मातीला लागली की नाही ते दिसावे. महाराज १९२२ साली निवर्तले, परंतु उत्तरेकडील मल्ल कोल्हापुरास येत राहिले, तालमी भरत राहिल्या आणि आसपासच्या खेड्यांतील आईबाप अंगाने दणकट पोराला शाळेपेक्षा तालमीत पाठविणे पसंत करू लागले.

तालीम म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगणे भाग आहे. पहाटे उठून लंगोट कसावयाचा, हौदातील माती फावड्याने खालीवर करावयाची, मग जोर, बैठका आणि त्यानंतर जोडीदाराबरोबर लढत. हौदातील माती ही रानातली माती नव्हे. तीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळून ती लोण्यासारखी मऊ ठेवावी लागते, म्हणजे अंग सोलपटत नाही आणि जखम चिघळत नाही. दुपारी विश्रांती, संध्याकाळी पुन्हा मेहनत. खुराकात दूध, तूप आणि बदामाची थंडाई. हा खर्च लहान शेतकऱ्याच्या घराला सोसणारा नसतो. एका पैलवानामागे घरातील दोन भावंडांच्या ताटातले तूप कमी होत असे, हे सत्य गदेच्या तसबिरीत दिसत नाही.

हा खेळ हौसेचा होता तसा पोटाचाही होता. जत्रेच्या मैदानाची रीत आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. दुपारी हलगी कडाडू लागली की आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागत, त्या रेवड्यांवर नाहीतर नारळावर. मग इनाम रुपयांनी वाढत जाई. शेवटची, पहिल्या क्रमांकाची कुस्ती दिवस कलताना लागे. पैलवानाच्या घरची वर्षाची बेगमी त्या दोन-तीन महिन्यांच्या जत्रांवर चाले. पाश्चात्त्य देशांत मुठीला मोजे चढवून दोरखंडाच्या चौकटीत लढणाऱ्यांचा जो पेशा, तोच आपल्याकडे लंगोट लावून मातीत उतरणाऱ्यांचा. फरक पैशाचा. १९७४ साली किन्शासा येथे महंमद अली आणि जॉर्ज फोरमन यांची लढत झाली, तेव्हा प्रत्येकाला पन्नास लाख डॉलर ठरले होते. आम्ही त्या वेळी पंधरा वर्षांचे होतो. वर्तमानपत्रातला तो आकडा आम्ही वडिलांना वाचून दाखविला. वडिलांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "आपल्या पैलवानाला फेटा मिळतो. फेट्याची मोजदाद होत नाही."

वडिलांचे ते वाक्य आम्हांला तेव्हा भाबडे वाटले. पुढे अलीचे चरित्र वाचले तेव्हा त्यातील दुसरी एक गोष्ट मनात रुतून बसली. १९६४ साली सनी लिस्टनला हरवून जगज्जेता झालेल्या या माणसाने १९६७ साली व्हिएतनामच्या युद्धासाठी लष्करात भरती होण्यास नकार दिला. त्यावर मुष्टियुद्ध मंडळांनी त्याचा परवाना आणि किताब काढून घेतला. ऐन उमेदीची तीन-साडेतीन वर्षे त्याला लढता आले नाही. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली, पण गेलेली वर्षे कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही. जगज्जेतेपद त्याला अखेर किन्शासातच परत मिळाले. जे मैदानात मिळवले होते ते कागदाने नेले, आणि ते पुन्हा मैदानातच मिळवावे लागले. कागद आणि मैदान यांचे हे भांडण आमच्या लक्षात राहिले. दुर्दैव असे की, पुढील सारे आयुष्य आम्ही कागदाच्याच बाजूने नोकरी केली.

पुन्हा खंचनाळे यांच्याकडे वळू. १९५६ सालच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्ह्याबरोबर एकसंबा म्हैसूर राज्यात गेले. कोल्हापूर संस्थान १९४९ सालीच मुंबई प्रांतात विलीन झाले होते. खंचनाळे त्या वेळी बाविशीच्या आसपास होते. गाव एका राज्यात, तालीम दुसऱ्या राज्यात. तीन वर्षांनी त्यांनी दिल्लीत बंता सिंग यांना हरविले. कोल्हापूर त्यांना पहिले हिंदकेसरी म्हणून ओळखते. पुढल्याच वर्षी, १९६० साली, शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले आणि १९६४ साली कवठेपिरानचे मारुती माने. आंदळकर आणि माने या दोघांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्यपदक मिळविले. आमच्या लहानपणी ही नावे घरातल्या काकामामांच्या नावांसारखी घेतली जात. पण त्या रांगेतले पहिले नाव आपल्या चिकोडी तालुक्यातले होते, ही गोष्ट वडील आम्हांला दरवेळी बजावून सांगत.

आता गंमत पाहा. हे खंचनाळे कोणाचे, असा वाद आम्ही बसस्थानकापासून साहित्यसभेपर्यंत ऐकला आहे. कोणी त्यांना महाराष्ट्राचे म्हणतो, कोणी कर्नाटकाचे. पण ज्या दिवशी त्यांच्या खांद्यावर गदा आली त्या दिवशी महाराष्ट्र राज्य अस्तित्वातच नव्हते. ते १९६० च्या १ मे रोजी झाले. कर्नाटक हे नावही राज्याला मिळाले ते १९७३ साली. गदा आली ती मुंबई राज्यातील तालमीत, म्हैसूर राज्यात गेलेल्या गावच्या मुलाच्या खांद्यावरून. वाद करणाऱ्या दोन्ही बाजू त्या गदेहून वयाने लहान आहेत! सीमाप्रश्नावर बोलण्याचा हा लेख नाही, आणि त्यासंबंधी आपल्या घराघरांतून काय सोसले गेले ते आम्ही विसरलेलो नाही. सांगावयाचे ते इतकेच की, माणूस कोणाचा हे ठरविण्यासाठी ज्या रेघा आपण वापरतो त्या पुष्कळदा त्या माणसाच्या पराक्रमानंतर ओढलेल्या असतात.

हे आज कळते. ज्या वेळी कळावयास हवे होते त्या वेळी कळले नाही, आणि येथेच आमच्या गप्प बसण्याचे कारण आहे.

गोष्ट १९९० नंतरच्या दशकातील. आम्ही सीमाभागातीलच एका कचेरीत अधिकारी होतो. माजी कुस्तीगिरांना मासाशन देण्याच्या योजनेखाली अर्ज येत आणि ते तपासून पुढे पाठविण्याचे काम आमच्या टेबलावर असे. एके दिवशी साठीच्या घरातील एक गृहस्थ आले. कान मोडलेले, मान आखूड, खांदे अजून रुंद, परंतु चालताना उजवा गुडघा ओढत. बसा म्हटले तरी बसले नाहीत. दूधगंगेकाठच्या एका खेड्याचे. उमेदीत कोल्हापूरच्या तालमीत राहिलेले. खंचनाळ्यांच्या पिढीतले, पण गदेपर्यंत न पोहोचलेले. जत्रेत शेवटून तिसरी, चौथी कुस्ती ज्यांची लागत असे त्यांपैकी एक.

आम्ही राज्यस्तरीय स्पर्धेचे प्रमाणपत्र मागितले. त्यांनी पिशवीतून एक चांदीचे कडे, विटलेला फेटा आणि कोपरे कुरतडलेले एक छायाचित्र काढून टेबलावर ठेवले. आम्ही म्हणालो, "मामा, हे ठीक आहे. पण कागद लागतो."

ते म्हणाले, "साहेब, कुस्तीला कागद कुठला? पाठ मातीला लागली की निकाल झाला. बघायला हजार माणसं हुती."

"त्यांतील दोघांची साक्ष आणा."

"त्यातली निम्मी वर गेली, साहेब. ऱ्हायलेली पल्याड हाईत."

पल्याड म्हणजे कोल्हापूरकडे. त्यांच्या बहुतेक कुस्त्या तिकडल्या मैदानांत झालेल्या. आमच्या राज्याच्या नियमाप्रमाणे त्या कुस्त्या दुसऱ्या राज्यातील. आणि त्या राज्याच्या लेखी हा माणूस परका. नियमात दोन्हीकडून न बसणारा हा मनुष्य आमच्या टेबलासमोर उभा होता. पंधरा दिवसांनी ते सरपंचांचे पत्र घेऊन पुन्हा आले. पत्रात त्यांचे शील होते, कुस्ती नव्हती. आम्ही अर्जाच्या पाठीवर पृष्ठांकन केले. येथील कचेऱ्यांत त्याला हिंबरह म्हणतात. 'सबळ पुराव्याअभावी अर्ज परत करण्यात येत आहे.' खाली आमची सही. त्यांनी तो कागद चार घड्या घालून फेट्यात ठेवला, फेटा पिशवीत ठेवला आणि आम्हांला नमस्कार केला. रागावले नाहीत. हरलेल्या पैलवानाने जिंकलेल्याला सलामी द्यावी तसा तो नमस्कार होता. तोच आमच्या लक्षात राहिला आहे.

नियमाच्या दृष्टीने आमचे काहीच चुकले नव्हते. कोणताही लेखापरीक्षक आमच्यावर शेरा मारू शकला नसता. परंतु वरिष्ठांकडे एक विनंतीपत्र पाठविणे, कोल्हापुरातील जुन्या वस्तादांकडून दाखला मागविणे, एवढे आमच्या हातात होते. त्याला दोन पाने आणि अर्धा दिवस लागला असता. आम्ही तो दिला नाही, कारण टेबलावर इतर फायली होत्या आणि त्या कागदाने पूर्ण होत्या.

पुढे बदल्या झाल्या, बढती झाली, बेळगावचे बेळगावी झाले आणि २०१९ साली आम्ही सेवानिवृत्त होऊन निपाणीस परतलो. २०२० साल उजाडले ते महामारी घेऊनच. त्या उन्हाळ्यात कोगनोळीच्या नाक्यावर पास तपासल्याशिवाय कोणाला पलीकडे जाता येत नव्हते. एवढ्याशा अंतरावरचे कोल्हापूर परदेशासारखे झाले. वर्षअखेरीस रस्ता मोकळा झाला, तरी आमच्या वयाची माणसे घराबाहेर पडत नव्हती. अशात १४ डिसेंबर रोजी कोल्हापुरात श्रीपती खंचनाळे यांचे निधन झाले. वय ८६. वडील असते तर चालत गेले असते. आम्ही वर्तमानपत्रातले छायाचित्र कापून ठेवले. तेवढेच आमच्याच्याने झाले.

त्यांच्यामागे काय राहिले, याचा विचार त्या दिवसांत आम्ही पुष्कळ केला. गदा राहिली, नाव राहिले. आता कुस्ती गादीवर आली आहे. वजनी गट आहेत, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आहेत, गुण आहेत. हे योग्यच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या गादीवर सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले, ते ही नवी रीत शिकून घेतली म्हणूनच. त्यांच्या हेलसिंकीच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर सात हजार रुपयांस गहाण टाकले होते. गादीवरच्या कुस्तीला कागद असतो: गुणपत्रक, प्रमाणपत्र, चित्रफीत. मातीतल्या कुस्तीचा दप्तरखाना म्हणजे पाहणाऱ्यांचे डोळे. ते डोळे मिटले की कुस्ती झालीच नाही असे होते. खंचनाळ्यांचे नाव टिकले, कारण ते शिखरावर होते. पण शिखराला आधार असतो तो खालच्या दगडांचा. हौदात रोज त्यांच्यासारख्यांशी झोंबून, पडून, त्यांना तयार करणारे जोडीदार. मुख्य कुस्ती लागेपर्यंत मैदान तापवीत ठेवणारे मल्ल. रेवड्यांवर लढणारी पोरे. एका हिंदकेसरीच्या घडणीत अशी किती माणसे खर्ची पडली असतील! त्यांचा एक प्रतिनिधी आमच्या टेबलापर्यंत चालत आला होता, आणि त्याला आम्ही पुरावा मागितला.

केशकर्तनालयातील त्या प्रसंगानंतर आम्ही त्या गृहस्थांच्या गावी गेलो. गाव सापडले, घर सापडले. ते पुष्कळ वर्षांपूर्वीच वारले होते. त्यांच्या मुलाचे गावात चहाचे दुकान आहे. जुन्या पैलवानांची माहिती गोळा करतो आहे, एवढेच आम्ही सांगितले. त्यांनी अगत्याने बसवून घेतले, चहाचे पैसे घेतले नाहीत आणि घरातून एक पत्र्याची पेटी आणली. तीत चांदीचे कडे नव्हते. कोणत्या तरी अडचणीत ते मोडले होते. फेटा होता. छायाचित्र होते. आणि फेट्याच्या घडीत, चार घड्या घातलेला तो अर्ज होता.

"वडलांचा येवढाच एक सरकारी कागद आमच्याकडं हाय," मुलगा म्हणाला. "ह्यात ते पैलवान हुते असं लिवलंय नव्हं?"

आम्ही कागद उलटून पाहिला. समोरच्या बाजूस त्यांनी सांगितलेल्या कुस्त्यांची यादी कारकुनाच्या अक्षरात होती: गाव, जत्रा, जोड आणि निकाल. मागच्या बाजूस आमचे दोन ओळींचे पृष्ठांकन, कन्नडमध्ये, आणि आमची सही. मुलाला ते वाचता आले नसावे, किंवा वाचूनही त्याने त्याचा अर्थ वेगळा घेतला असावा. आम्ही म्हणालो, "होय. लिहिले आहे." आणि ते खोटेही नव्हते. समोरच्या बाजूस तसेच लिहिले होते. सही आमची आहे, हे मात्र आम्ही त्याला सांगितले नाही. ते येथे सांगत आहोत.

ती यादी आम्ही वहीत उतरवून आणली आहे. एकवीस कुस्त्या. त्यांतील चौदा चितपट जिंकलेल्या, चार बरोबरीत सुटलेल्या, तीन हरलेल्या. हरलेल्या तीनही त्यांनी लपविल्या नव्हत्या. जोडीदारांच्या नावासकट सांगितल्या होत्या. खोटा अर्ज करणारा मनुष्य हार लिहून देत नाही, हे कळण्यास अधिकारी असण्याची गरज नव्हती. केवळ समोरची बाजू नीट वाचावयास हवी होती.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर असा फेटा असेल, भिंतीवर मोडक्या कानाच्या आजोबांचे छायाचित्र असेल. ज्यांनी त्या कुस्त्या पाहिल्या ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याजवळ बसून गाव, जत्रा, जोड आणि निकाल एवढे चार रकाने भरून घ्यावेत, आणि रकाना अल्याडचा की पल्याडचा हे विचारू नये. आमच्या वहीत अद्याप पुष्कळ पाने कोरी आहेत.

मागल्या आठवड्यात आम्ही पुन्हा केशकर्तनालयात गेलो होतो. तो मुलगा नव्हता. तसबिरीखाली नाव लिहून लावण्याची परवानगी आम्ही मालकांजवळ मागितली. ते हसून म्हणाले, "लावा की साहेब. पण गाव कुठलं लिवणार?"

आम्ही लिहिले: हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, एकसंबा आणि कोल्हापूर.